उसात जन्मलेला

जुन्नर, आंबेगाव, शिरूरच्या बागायती पट्ट्यात तोडणीचा हंगाम लागला, की माणसं उजाडायच्या आधीच फडावर पोचतात. बीड-नगरकडून आलेल्या टोळ्या, कोप्यांवरून अंधारातच निघालेल्या बायका, थंडीनं आखडलेली बोटं आणि उसाच्या बुडख्यावर पडणारा कोयत्याचा पहिला घाव. ऊस आडवा होत जातो तसा फड उघडा पडत जातो. मग एखाद्या सकाळी कुणीतरी एकदम हात थांबवतं. पाचटात, दोन सऱ्यांच्या मधे, मांजराएवढी दोन-तीन पिल्लं एकमेकांना चिकटून पडलेली असतात. अंगावर अजून मऊ, मळकट लव, त्यात ठिपके इतके दाट की पिल्लू काळपटच दिसतं. फार लहान असली तर डोळेही उघडलेले नसतात. आई जवळ दिसत नाही. पण ती शेजारच्या उभ्या उसातून बघत असणार, हे कोयता थांबवणाऱ्या बाईला कुणी सांगावं लागत नाही. सगळी टोळी मागं सरकते.

वनखात्याला फोन जातो. माणिकडोहच्या बिबट निवारा केंद्रातले पशुवैद्य येतात, पिल्लं तपासतात, गोचिड्या काढतात, वजन घेतात. दिवस मावळायला लागला, की पिल्लं त्याच शेतात, जिथं सापडली त्याच जागेच्या आसपास, टोमॅटोसाठी वापरतात तसल्या प्लास्टिकच्या क्रेटमध्ये ठेवली जातात. कॅमेरा लावतात आणि माणसं लांब जाऊन थांबतात. अंधार पडल्यावर आई येते. या कॅमेऱ्यांतून मिळालेली चित्रणं मी पुन्हा पुन्हा पाहिली आहेत. ती थेट पिल्लांकडे धावत नाही. कडेला थांबते, कान फिरवते, वास घेते, क्रेटभोवती फिरते. मग पंज्यानं क्रेट कलंडवते, एका पिल्लाला मानेला धरून उचलते आणि निघून जाते. दुसऱ्यासाठी परत येते. माणसाचा हात लागला की आई पिल्लाला टाकते, अशी समजूत गावोगाव आहे. या रात्री ती समजूत खोटी ठरते. पिल्लांना दिवसभर चार-सहा माणसांनी हाताळलेलं असतं, तरी ती नेते. नेते ती कुठं? बहुतेक वेळा पलीकडच्या, अजून न तोडलेल्या उसात.

मला त्या जाण्याच्या दिशेबद्दल बोलायचं आहे. ती डोंगराकडे जात नाही, उसाकडे जाते. तिचं घर तिथं आहे. बहुधा तिचा स्वतःचा जन्मही अशाच एखाद्या फडातला असतो. आणि आपण मात्र सकाळी पेपर उघडून वाचतो, ‘बिबट्या जंगल सोडून वस्तीत शिरला.’ जे जनावर जंगलात कधी राहिलंच नाही, ते जंगल सोडणार कसं?

चाळीस-पन्नास वर्षांपूर्वीचा हा मुलूख आठवणारी माणसं अजून आहेत. पूर्वेकडचा भाग म्हणजे बाजरी, मटकी, हुलगा आणि पावसाची वाट. मग कुकडी प्रकल्प आला. येडगाव, माणिकडोह, वडज, डिंभे, पिंपळगाव जोगे ही धरणं झाली, कालवे निघाले आणि कालव्यामागून ऊस आला. शेतकऱ्याच्या दृष्टीनं ते नगदी पीक. बिबट्याच्या दृष्टीनं पाहिलं, तर माणसानं दहा-बारा फूट उंचीचं, बारमाही ओलं, आत शिरलं की दोन हातांवरचं दिसू नये असं रान मैलोगणती लावून दिलं. या जनावराला तीनच गोष्टी लागतात : आडोसा, पाणी आणि पोटाला काहीतरी. तिन्ही एकाच ठिकाणी मिळाल्या. सुरू उसाला वर्ष लागतं, आडसाली ऊस दीड वर्ष उभा असतो. बिबट्याची मादी साडेतीन महिन्यांच्या आत विते आणि पिल्लं दीड-दोन वर्षांची होईपर्यंत आईबरोबर राहतात. उसाचं आणि पिल्लांचं वेळापत्रक असं जवळजवळ जुळून बसतं. जिथं जुळत नाही, तिथं कोयता आणि पिल्लू समोरासमोर येतात.

प्राण्याचा स्वभाव म्हणून आपण जे ठरवून टाकतो, ते किती अंशी त्याच्या जागेचं असतं, हे बिबट्याइतकं स्पष्ट फार थोड्या प्राण्यांत दिसतं. आफ्रिकेच्या मोकळ्या माळांवर तो मारलेली शिकार झाडावर ओढून नेतो, कारण खाली सिंह आणि तरस हिसकावून घ्यायला टपलेले असतात. श्रीलंकेत त्याच्यापेक्षा मोठं मांसभक्षी जनावर नाही. तिथं याला नावाच्या जंगलात तो दिवसाढवळ्या खडकावर पसरलेला दिसतो आणि शिकार झाडावर नेण्याची त्याला फारशी गरज पडत नाही. ताडोब्यात वाघ आहे, म्हणून तो वाघाच्या वाटेतून बाजूला होत कडेकडेनं राहतो. राजस्थानात जवाईच्या उघड्या खडकाळ टेकड्यांवर तो रबारी मेंढपाळांच्या नजरेसमोर वावरतो. रशियाच्या पूर्व टोकाला तो बर्फात राहतो. जनावर तेच. प्रत्येक ठिकाणी त्यानं आधी जागा वाचली आहे, मग वागणं ठरवलं आहे.

आमच्याकडे त्यानं काय वाचलं, याचा सगळ्यात बारकाईनं अभ्यास वन्यजीव अभ्यासक विद्या अत्रेय यांनी अकोले तालुक्यात केला. दाट वस्ती, बागायती खोरं, दर चौरस किलोमीटरला तीनशेहून जास्त माणसं आणि राखीव जंगल म्हणावं असं काही नाही. अशा ठिकाणी कॅमेरे लावून केलेल्या मोजणीत दर शंभर चौरस किलोमीटरला जवळपास पाच प्रौढ बिबटे निघाले. 2013 मध्ये हा अभ्यास प्रसिद्ध झाला. जवळपास तेवढेच तरसही त्याच खोऱ्यात होते. माणसं दिवसा ज्या बांधावरून शाळेला, बाजाराला जात होती, त्याच बांधावरून रात्री ही जनावरं जात होती.

त्याहून जास्त विचार करायला लावणारा भाग त्यांच्या खाण्याचा आहे. अकोल्यातल्या बिबट्यांच्या विष्ठेचं परीक्षण झालं, तेव्हा त्यांच्या आहारातला वजनानं 87 टक्के भाग पाळीव आणि वस्तीतल्या जनावरांचा निघाला आणि त्यात एकट्या कुत्र्यांचा वाटा 39 टक्के. शेळ्यांचा होता 11 टक्के. आता त्या परिसरात शेळ्या कुत्र्यांच्या सातपट होत्या. शेळीचं मांस बिबट्याला आवडत नाही, असं थोडंच आहे? पण शेळी दिवसा राखणीत असते आणि रात्री कोंडलेली असते. कुत्रं मोकळं असतं. बिबट्याचं ताट कोण वाढतं, तर आपल्या गोठ्याची कडी वाढते. कडी घट्ट लागलेली असेल तर तो उकिरड्यावरच्या कुत्र्याकडे वळतो, कडी सैल असेल तर आत शिरतो. वागणं त्याचं, पण त्यातला अर्धा निर्णय आपल्या हातचा असतो. आपण तो घेतला आहे, हे आपल्या लक्षातही येत नाही.

वेळेचंही तसंच. मराठी माणसाला बिबट्या म्हणजे रात्रीचं जनावर, हे गृहीतच असतं. त्याच्या डोळ्यांना अंधारात दिसतं हे खरं, पण श्रीलंकेचं उदाहरण वर आलंच आहे. जिथं दिवसा भीती नाही तिथं तो दिवसाही फिरतो. अकोल्यात ज्या बिबट्यांच्या गळ्यात जीपीएसचे पट्टे घातले होते, ते दिवसा आडोशाला पडून राहत आणि रात्री घरांच्या अगदी जवळ येत. माणसं झोपली, की गाव त्यांचं. यात बिबट्या एकटा नाही. 2018 मध्ये ‘सायन्स’ या नियतकालिकात सहा खंडांतल्या 62 सस्तन प्रजातींच्या नोंदी एकत्र मांडल्या गेल्या. माणसाचा वावर वाढला, की जनावरं आपला दिवस सोडून रात्रीकडे सरकतात, असं त्यात जवळजवळ सगळीकडे दिसलं. माणूस शिकारीला आला असो, शेतीला आला असो की नुसता फिरायला आला असो, जनावरानं ओळखलं ते एवढंच, की उजेडाची वेळ याची आहे. हे वाचल्यापासून मला रात्रीच्या पाऊलखुणांकडे वेगळ्या नजरेनं बघावंसं वाटतं. तो आपल्यावर चाल करून आलेला नसतो. आपली गाठ पडू नये म्हणून त्यानं निवडलेली ती वेळ असते.

‘आजोबा’ हे नाव बऱ्याच जणांना सुजय डहाके यांच्या 2014 च्या चित्रपटामुळे माहीत आहे. तो खरा बिबट्या होता. 2009 मध्ये नगर जिल्ह्यात टाकळी ढोकेश्वरजवळ एका विहिरीत पडलेला हा वयस्क नर बाहेर काढून, गळ्यात पट्टा घालून माळशेज घाटात सोडला गेला. तिथून तो चालत निघाला. कसाऱ्याच्या बाजूनं गेला, महामार्ग ओलांडले, वसईची खाडी पार केली आणि साधारण 120 किलोमीटर तुडवून मुंबईच्या संजय गांधी राष्ट्रीय उद्यानाच्या परिसरात पोचला. राज्यातल्या सगळ्यात गजबजलेल्या पट्ट्यांपैकी एक त्यानं पार केला आणि वाटेत एकाही माणसाला ओरखडा काढला नाही. दोन वर्षांनी, डिसेंबर 2011 मध्ये, महामार्गावर गाडीची धडक बसून तो गेला.

आजोबानं माणसांतून वाट काढली, कारण माणसांत कसं वागायचं हे त्याला ठाऊक होतं. ते ठाऊक नसलं, किंवा असलेलं सगळं एका रात्रीत हिरावून घेतलं, तर काय होतं, याचा धडा जुन्नरनं त्याआधीच घेतला होता, आणि तो फार महाग पडला. 2001 च्या सुमारास तिथं पिंजरे लावून बिबटे पकडायचे आणि सरासरी चाळीसेक किलोमीटरवरच्या जंगलांत नेऊन सोडायचे, असं मोठ्या प्रमाणावर सुरू झालं. हेतू चांगला होता; गावं सुरक्षित व्हावीत, जनावरही जगावं. अत्रेय आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी नंतर आकडे मांडले. 1993 ते 2001 या काळात माणसांवर वर्षाला सरासरी चार हल्ले होत होते. 2001 ते 2003 मध्ये ते वर्षाला सरासरी सतरा झाले. त्यांतल्या जीवघेण्या हल्ल्यांचं प्रमाणही 18 टक्क्यांवरून 36 टक्क्यांवर गेलं.

पिंजऱ्यात अडकलेल्या बिबट्याचे दात गजांवर आपटून तुटतात, पंजे फाटतात. तो अनोळखी रानात उघडा केला जातो. तिथं पाणी कुठं, कुत्री कुठल्या वस्तीवर मोकळी असतात, माणसं किती वाजता घरात जातात, दुसऱ्या बिबट्याची हद्द कुठून सुरू होते, यातलं त्याला काही माहीत नसतं. वर्षानुवर्षं जमवलेलं सगळं ज्ञान मागं राहिलेलं. इकडे त्याची रिकामी झालेली जागा दुसरा, बहुतेकदा कोवळा बिबट्या येऊन धरतो. त्यालाही इथलं काही माहीत नसतं. म्हणजे एका पिंजऱ्यानं दोन ठिकाणी दोन अडाणी जनावरं तयार होतात. 2011 मध्ये केंद्राच्या पर्यावरण मंत्रालयानं बिबट्यांबाबत मार्गदर्शक सूचना काढल्या, त्यात असं उचलून दुसरीकडे सोडण्याला म्हणूनच आळा घालायला सांगितलं.

हे सगळं मांडताना एक गोष्ट मला बाजूला सारता येत नाही, आणि सारायचीही नाही. गेल्या काही वर्षांत याच तालुक्यांत बिबट्यानं माणसं मारली आहेत, लहान मुलं मारली आहेत. अंगणातून, घराच्या पायरीपासून, आजी-आजोबांच्या नजरेसमोरून मूल नेलं गेलं आहे. त्या घराला प्राण्याचं वर्तन समजावून सांगायला जाणं हा निर्दयपणा होईल. त्या माणसांनी रस्ता अडवला, गाड्या पेटवल्या तर त्या संतापाच्या तळाशी काय आहे, हे शहरात बसून बिबट्याचे फोटो पाहणाऱ्यानं आधी समजून घ्यावं. माणसावर हल्ले करणारा ठरावीक बिबट्या पकडावाच लागतो, यात दुमत असायचं कारण नाही. पण एका बिबट्याचा राग पंचक्रोशीतल्या सगळ्या बिबट्यांवर काढला, की काय होतं ते 2001 ते 2003 या वर्षांनी दाखवलं आहे आणि त्याची किंमतही अशाच घरांनी मोजली आहे.

डोंगराकडच्या गावांत याची जुनी समज आहे. अकोल्याच्या महादेव कोळी आणि ठाकर वस्त्यांत, पालघर-डहाणूच्या वारली पाड्यांत शिवेवर वाघोबा असतो. दगडात किंवा लाकडात कोरलेला, शेंदूर लावलेला. ‘वाघ’ म्हणताना त्यात बिबट्याही आलाच. दिवाळीच्या तोंडावर वाघबारशीला गुराखी पोरं त्याला नैवेद्य दाखवतात. मी याकडे भाबडेपणानं बघत नाही; देव मानलं म्हणून बिबट्या शेळी सोडत नाही आणि शेळी गेली की त्या घराचं नुकसान व्हायचं ते होतंच. पण त्या पूजेच्या मुळाशी एक मान्यता आहे, की हा इथलाच आहे आणि राहणार आहे. ती मान्यता असली, की माणूस स्वतःचं वागणं जुळवून घेतो : संध्याकाळी पोरांना आत बोलावणं, रात्री एकट्यानं न निघणं, गोठ्याला कूड नीट घालणं. ऊसपट्ट्यात बिबट्या आला दोन-तीन पिढ्यांपूर्वी. तिथल्या माणसाला ही घडी बसवायला वेळच मिळालेला नाही. त्यात त्याची परिस्थिती त्याला उलट्या दिशेनं ढकलते आहे.

कशी, ते कुठल्याही बागायतदाराला विचारा. शेतीपंपाची वीज आळीपाळीनं येते. काही दिवस दिवसा, काही दिवस रात्री. रात्रीची पाळी असली, की शेतकरी किंवा त्याची बायको किंवा कॉलेजातला पोरगा, बॅटरी आणि खोरं घेऊन अकरा-बारा वाजता शेतात जातो. दारं धरायची असतात. एका सरीचं पाणी भरत आलं, की वाकून बांध फोडायचा, माती ओढून आधीचं दार बुजवायचं, पुढच्या सरीत पाणी जाईपर्यंत तिथंच थांबायचं. पाय चिखलात, बॅटरी बगलेत, दोन्ही बाजूंना डोक्यावर गेलेला ऊस. उभ्या माणसाकडे बिबट्या सहसा शिकार म्हणून बघत नाही. तो आकार त्याच्या हिशेबात बसत नाही. वाकलेला, बसलेला माणूस मात्र अंधारात लहान जनावराएवढा दिसतो. पाण्याच्या आवाजात दोघांनाही एकमेकांची चाहूल लागत नाही. बिबट्यानं माणसाला चुकवायला रात्र निवडली आणि विजेच्या वेळापत्रकानं नेमक्या त्याच वेळी माणसाला त्याच उसात आणून उभं केलं.

ऊस राहणार आहे. त्यावर संसार चालले आहेत, मुलींची लग्नं झाली आहेत, पोरं शिकली आहेत. उसात जन्मणारी पिल्लंही राहणार आहेत. पण वीज किती वाजता सोडायची हे ना निसर्गानं ठरवलं, ना बिबट्यानं. ते कार्यालयात ठरतं, त्यामुळे बदलता येतं. दिवसा वीज द्या, ही या भागातल्या शेतकऱ्यांची जुनी मागणी आहे आणि तिचं एक कारण बिबट्या आहे, हे ते मोर्च्यातून ओरडून सांगत आले आहेत. शेतीला दिवसा सौर वीज पुरवणारी मुख्यमंत्री सौर कृषी वाहिनी योजना राज्यात 2017 मध्ये आली, 2023 मध्ये तिचा दुसरा टप्पा सुरू झाला. पिंजरे, गस्त, पथदिवे, गोठ्यांना जाळ्या हे सगळं लागेलच. त्या यादीत ज्या गावांच्या उसात बिबट्याची पिल्लं सापडतात, त्या गावांचे फीडर सगळ्यात आधी दिवसाच्या विजेवर घेणं हेही असलं पाहिजे, आणि ते वरच्या क्रमांकावर असलं पाहिजे. वनखात्याकडे अशा गावांची नोंद आहे. महावितरणकडे फीडरची यादी आहे. दोन्ही कागद एका टेबलावर ठेवायला पुढच्या हंगामाची वाट बघायचं कारण नाही.